ल्युसर्नच्या सरोवरातली आगबोट : व्हिसाच्या अर्जापासून फ्ल्यूएलेनच्या धक्क्यापर्यंत

स्वित्झर्लंडला जाऊन आलेल्या बहुतेक मराठी मंडळींनी ल्युसर्नचे सरोवर पाहिलेले असते, पुष्कळांनी तिथे तासाभराची बोटफेरीही केलेली असते. ती बोट बहुधा डिझेलवरची असते. त्याच धक्क्यावर, चार पावले पुढे, दोन्ही कुशींना चाके असलेल्या जुन्या आगबोटी लागतात. त्या वाफेवर चालतात, हंगामात रोज ठरल्या वेळी सुटतात आणि त्यांच्यासाठी वेगळे तिकीट लागत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये आई-बाबांसह हा प्रवास केला. आधीच्या चार महिन्यांत कुठे काय विचारावे हेच पुष्कळदा कळत नव्हते, म्हणून सगळे क्रमाने लिहीत आहे.

सरोवराचे जर्मन नाव व्हीअरवाल्डश्टेटरझे, म्हणजे चार वनप्रांतांचे सरोवर. त्यावर आज पाच आगबोटी धावतात : उरी (१९०१), उंटरवाल्डन (१९०२), शिलर (१९०६), गालिया (१९१३) आणि श्टाट लुत्सर्न (१९२८). या सरोवरातली पहिली आगबोट १८३७ मध्ये आली, तिचेही नाव श्टाट लुत्सर्नच होते. १९७० च्या सुमाराला उरलेल्या बोटी मोडीत निघायच्या बेतात होत्या. १९०८ ची विल्हेल्म टेल तेव्हा सेवेतून गेली आणि ल्युसर्नच्या काठावर उपाहारगृह होऊन बसली. बाकीच्यांसाठी मात्र आगबोटप्रेमी नागरिकांनी १९७२ मध्ये संघटना उभी केली, वर्गणी जमवली आणि बोटी पाण्यावर ठेवल्या. आपण जे तिकीट काढतो त्याच्या मागे हे सगळे आहे.

तयारी मे महिन्यात सुरू केली, ती वेळापत्रकापासून. ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि बहुतेक लोक ती शेवटी करतात. आगबोटी बाराही महिने सारख्या धावत नाहीत. त्यांचा खरा हंगाम मे ते सप्टेंबर. ऑक्टोबरपासून फेऱ्या कमी होतात आणि थंडीत बहुतेक बोटी दुरुस्तीसाठी गोदीत जातात. डिसेंबरात नाताळच्या सुट्टीला जाऊन 'आगबोट दिसलीच नाही' म्हणणारे भेटतात, त्याचे कारण हेच. हंगामी वेळापत्रकात ज्या फेरीला आगबोट असते तिच्यापुढे चाकाचे छोटे चिन्ह छापलेले असते. ते नसेल तर ती फेरी मोटरबोटीची. अमुक दिवशी पाचांपैकी नेमकी कोणती बोट कोणत्या फेरीला लावली आहे, हे जवळची तारीख आली की कळते.

स्विस रेल्वेच्या ॲपमध्येही या बोटी सापडतात, पण शोधताना एक खाच आहे. सुरुवातीचे ठिकाण 'लुत्सर्न बानहोफके' असे द्यावे लागते, म्हणजे स्थानकासमोरचा धक्का. नुसते 'लुत्सर्न' दिले की ॲप आगगाडी सुचवते. तसेच फ्ल्यूएलेन आणि ब्रुनेन या गावांच्या नावापुढे 'झे' हा जर्मन शब्द असलेला थांबा निवडायचा. झे म्हणजे सरोवर, म्हणजेच बोटीचा थांबा. हे उमगेपर्यंत आठवडाभर मला या मार्गावर बोटच नाही असे वाटत होते.

आमची तारीख सणाने ठरवली. अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती, विसर्जन झाल्याशिवाय घर सोडायचे नव्हते. म्हणून १८ च्या रात्री मुंबईहून निघायचे, १९ ला पोहोचायचे, २० ला उरीने पूर्ण सरोवर पार करायचे आणि २२ ला दुसरी बोट, असे ठरले.

आता व्हिसा. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस करता येतो. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा. आमच्या सगळ्या रात्री स्वित्झर्लंडमध्येच असल्याने हा प्रश्न आला नाही. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा भराभर संपतात. जूनच्या मध्याला पाहिले तेव्हा आम्हाला पुण्याच्या व्हिसा केंद्रात ८ जुलैची, सोमवारची वेळ मिळाली. नेलेली कागदपत्रे अशी होती : भरून सही केलेला अर्ज, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, जुने-नवे पासपोर्ट, विमानाचे आरक्षण, राहण्याचे आरक्षण, दिवसवार कार्यक्रम, बँकेचा शिक्का असलेले खात्याचे उतारे, आयकर विवरणपत्रे, माझ्या कार्यालयाचे रजा मंजुरीचे पत्र, बाबांच्या निवृत्तिवेतनाचे कागद आणि प्रवासविमा. विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोचे लागते.

अडलो ते विम्यावरच. आम्ही घेतलेल्या प्रमाणपत्रावर विमा आमच्या परतीच्या विमानाच्या आदल्या मध्यरात्री संपत होता, कारण दिवस मोजताना निघण्याचा दिवस धरला गेला होता. खिडकीवरच्या बाईंनी ते लगेच दाखवले. सुदैवाने दुरुस्त प्रमाणपत्र तासाभरात ईमेलवर आले आणि केंद्रातच छापून घेता आले. विमा काढताना पुढे-मागे दोन-दोन दिवस जास्तीचे धरा, फरक शे-दोनशे रुपयांचा पडतो. दिवसवार कार्यक्रमात मी २० तारखेपुढे 'बोटीने ल्युसर्न ते फ्ल्यूएलेन, परत आगगाडीने' एवढेच लिहिले होते. त्यासाठी कोणतेही आरक्षण दाखवावे लागले नाही.

११ जून २०२४ पासून व्हिसाचे शुल्क मोठ्यांसाठी ९० युरो झाले. तेव्हाच्या दराने ते माणशी सुमारे ८,२०० रुपये, वर केंद्राचे सेवाशुल्क आणि कुरियर. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मे शुल्क आहे, सहाच्या आतल्यांना माफ. बोटांचे ठसे घेतात. मागच्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी दिलेले असतील तर ते चालू शकतात, पण आई-बाबांचा हा पहिलाच अर्ज होता. आईच्या बोटांचे ठसे उमटेनात. आयुष्यभर भांडी-धुणी केलेल्या हातांचे बहुधा असेच होते. तिथल्या मुलीने ओल्या कपड्याने बोटे पुसून, एकेक बोट दाबून पुन्हा घेतले. अशा ज्येष्ठांसोबत जाणार असाल तर वेळ हाताशी ठेवा, त्यांच्यावर घाई होऊ देऊ नका. नियमाप्रमाणे निर्णयाला १५ दिवस लागतात आणि काही प्रकरणांत ४५ पर्यंत जातात. आमचे पासपोर्ट २४ जुलैला घरी आले. पाकीट हातात येईपर्यंतचे ते १६ दिवस फार लांब वाटले, रोज संध्याकाळी आई 'आले का काही?' विचारायची.

ऑगस्टमध्ये पास घेतले. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये आगगाडी, बस आणि सरोवरातल्या नियमित फेऱ्या सगळे येते. या आगबोटी नियमित फेऱ्यांतच मोडतात. २०२४ मध्ये दुसऱ्या वर्गाचा सलग चार दिवसांचा पास २९५ फ्रँकला होता, तीन दिवसांचा २४४ ला. फ्रँक तेव्हा साधारण ९९ रुपये धरला तर चार दिवसांचे माणशी २९,००० च्या वर गेले. महाग आहेच. पण विमानतळ ते ल्युसर्न, सरोवर, परतीची आगगाडी आणि संग्रहालयांच्या प्रवेशासारख्या गोष्टी मिळवल्या की सलग फिरणाऱ्याला तो परवडतो. एका ठिकाणी बसून एखादीच फेरी करायची असेल तर निम्म्या भाड्याचे कार्ड घेऊन हिशेब करून पाहा. पास क्यूआर कोडच्या रूपात ईमेलने येतो. त्यावरचे नाव पासपोर्टाबरहुकूम असावे लागते आणि तपासनीस पासपोर्ट मागू शकतो. मी तिघांचे पास कागदावर छापून घेतले होते, कारण थंडीत आणि उन्हात बाबांना फोनची चकाकणारी काच हाताळणे जमत नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार. ल्युसर्न स्थानकातून बाहेर पडल्यावर जुन्या स्थानकाची दगडी कमान ओलांडली की समोर धक्के दिसतात, पाच मिनिटेही लागत नाहीत. सामान स्थानकावरच्या कपाटात ठेवावे. सुटे फ्रँक जवळ असले तर बरे. दहाच्या सुमाराच्या फेरीसाठी आम्ही साडेनऊला पोहोचलो. अर्धा तास आधी जाण्याचे कारण जागा एवढेच नाही, बोट निघण्यापूर्वीचे इंजिन पाहता येते हेही आहे.

पहिल्या वर्गाची जागा वरच्या मजल्यावर, दुसऱ्याची खालच्या. दुसऱ्या वर्गाचा पास असूनही वर जायचे असेल तर बोटीवर फरकाचे पैसे भरून जाता येते. आम्ही खालीच राहिलो आणि त्याचा पस्तावा झाला नाही. खालच्या मजल्यावर पुढे, नाळेकडे, उघड्यावर बाके आहेत, वारा तोंडावर येतो आणि जिने चढावे लागत नाहीत. मुख्य म्हणजे इंजिन खालीच आहे. आतल्या दालनात पांढरी कापडे घातलेली टेबले उपाहारगृहाची, तिथे आपले डबे उघडू नयेत. आम्ही थालीपिठे बाहेरच्या बाकावर खाल्ली, नंतर आत जाऊन कॉफी घेतली. तिघांचे साधारण सोळा फ्रँक झाले.

इंजिनाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बरेच प्रवासी त्यावरून नुसती नजर टाकून निघून जातात. बोटीच्या मधोमध मजल्याला मोठे भगदाड ठेवलेले आहे, भोवती पितळी कठडा. खाली वाकून पाहिले की तिरके बसवलेले दोन सिलिंडर, चकाकणारे दांडे आणि आडव्या आसावरचे, दांड्यांची मागे-पुढे चाल गोल फिरवणारे दोन क्रँक दिसतात. एक सिलिंडर लहान, एक मोठा. बॉयलरची जोराची वाफ आधी लहानात जाते, दट्ट्या ढकलते, आणि जोर कमी झालेली तीच वाफ मग मोठ्यात जाऊन पुन्हा काम करते. वाफ पसरली की तिला जागा जास्त लागते, म्हणून दुसरा सिलिंडर मोठा. तिथून ती थंड होण्याच्या पेटीत जाते, सरोवराच्या गार पाण्याने तिचे पाणी होते आणि ते पुन्हा बॉयलरकडे. उरीचे इंजिन सुमारे ६५० अश्वशक्तीचे आहे. एवढ्यावर सुमारे ६२ मीटर लांबीची बोट चालते, कारण सरोवरात घाई नाही आणि चाके मोठी आहेत. पूर्वी कोळसा टाकावा लागे. विसाव्या शतकाच्या मध्यावर या बोटी तेलावर आल्या, त्यामुळे धुराड्यातून काळे लोट निघत नाहीत आणि खाली फावडे घेतलेला माणूसही दिसत नाही.

निघण्याआधी इंजिनवाला सिलिंडरच्या बुडाचे छोटे नळ उघडतो आणि फस्सकन वाफ सुटते. थंड सिलिंडरात वाफेचे पाणी होऊन साचते. पाणी दबत नाही. ते आत राहिले आणि दट्ट्या त्याच्यावर आपटला तर झाकण किंवा दांडा जायबंदी होऊ शकतो. म्हणून आधी पाणी काढायचे, सिलिंडर हळूहळू तापवायचा, मग चाक फिरवायचे. सकाळची पहिली फेरी धरणाऱ्याला हे पाहायला मिळते. बॉयलर मात्र त्याच्या पुष्कळ आधीपासून तापत असतो, कारण जाड पत्रा घाईने तापवला तर सांधे ढिले होतात.

क्रँक एकमेकांशी काटकोनात असल्यामुळे एक दट्ट्या टोकाला अडला तरी दुसरा ढकलतो. पण वाफ आधी लहान सिलिंडरात येत असल्याने नेमका तोच टोकाला असेल तर बोट निघेनाशी होते. त्या वेळी इंजिनवाला वेगळी झडप उघडून ताजी वाफ थेट मोठ्या सिलिंडरात क्षणभर सोडतो. हे कळल्यावर प्रत्येक धक्क्यावरून सुटताना मी त्याचे हात पाहत होतो.

दोन्ही बाजूंची चाके एकाच आसावर बसवलेली आहेत. मध्ये गिअर नाही, आणि एक चाक पुढे तर दुसरे मागे असेही करता येत नाही. म्हणजे बोट जागच्या जागी वळत नाही. वळवायचे काम सुकाणूचे, थांबवायचे काम चाके उलटी फिरवण्याचे. कप्तान वरून हुकूम देतो, खाली इंजिनवाला वाफ बंद करतो, उलट गतीचे चाक फिरवतो आणि पुन्हा वाफ सोडतो. तो कप्तानाचे म्हणणे ऐकून हात चालवतो, बाहेरचे त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. चाकाच्या पात्यांना आणखी एक सोय आहे. पाते पाण्यात शिरताना आणि बाहेर निघताना उभेच राहावे म्हणून प्रत्येकाला एक आडवा दांडा जोडलेला असतो. तो नसता तर पाते पाण्यावर थापटत शिरले असते, निघताना पाणी वर उचलत राहिले असते आणि ताकद वाया गेली असती. चाकाच्या पेटीला झरोका आहे, तिथून पाणी फेसाळताना दिसते.

बोटीचा धोका कसला? एक म्हणजे ओंडके. पावसानंतर डोंगरातल्या ओढ्यांतून लाकडे सरोवरात येतात आणि चाकात अडकली की पाती मोडतात. दुसरे, वारा. दक्षिणेकडून 'फोन' नावाचा कोरडा, उष्ण वारा उतरतो तेव्हा सरोवराच्या उरी प्रांताकडच्या फाट्यात मोठ्या लाटा उठतात. काठावर नारिंगी दिवे लावलेले आहेत. ते मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर सावधगिरी, ९० वेळा लुकलुकले तर वादळाचा इशारा. तिसरे कारण प्रवासी. सुंदर डोंगर दिसला की सगळे एकाच कठड्यावर जमतात, बोट कलते, त्या बाजूचे चाक खोल जाते, दुसरे वर येते आणि बोट एका अंगाला ओढू लागते. कर्मचाऱ्याने मागे व्हायला सांगितले तर लगेच व्हावे.

ल्युसर्न ते फ्ल्यूएलेन साधारण पावणेतीन तास लागतात. जाताना डावीकडे रिगीचा डोंगर, उजवीकडे ब्यूर्गेनश्टॉकचा कडा. व्हित्झनाउला बरेच जण उतरतात, कारण १८७१ मध्ये युरोपातली पहिली दातेरी चाकाची डोंगरी रेल्वे तिथूनच रिगीवर गेली. ब्रुनेनपर्यंतचा भाग हिरवा, उघडा, गावागावांचा. मग बोट दक्षिणेला वळते आणि सरोवर एकदम अरुंद होते, दोन्ही बाजूंना कडे सरळ पाण्यात उतरतात. कॅमेरा इथे काढावा, त्याआधी दमू नये. वळल्यावर उजवीकडे पाण्यातून उभा राहिलेला सुळका दिसतो, त्यावर कवी शिलरच्या स्मरणार्थ सोनेरी अक्षरे कोरली आहेत. त्याच्या पुढे रुट्ली नावाचे कुरण. १२९१ मध्ये तीन प्रांतांनी तिथे एकजुटीची शपथ घेतली अशी स्विस लोकांची श्रद्धा आहे, आणि २५ जुलै १९४० रोजी स्विस सेनापती गिझाँ यांनी सैन्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना तिथेच बोलावले. त्यांना घेऊन गेलेली बोट म्हणजे आजही धावणारी श्टाट लुत्सर्न. डावीकडे थोड्या वेळाने स्विस दंतकथेतला नायक विल्यम टेल याचे छोटे देऊळ येते. उजव्या बाजूला बसलेल्यांना सुळका आणि कुरण मिळते, डावीकडच्यांना देऊळ. अधूनमधून बाजू बदला, मात्र सगळ्यांनी एकदम नको.

फ्ल्यूएलेनला धक्का आणि रेल्वेस्थानक समोरासमोर आहेत. परतीची आगगाडी तासाभरात ल्युसर्नला पोहोचवते, पासमध्येच. आई-बाबांसारख्या प्रवाशांना जाताना बोट आणि येताना गाडी हेच बरे. दोन्ही वेळा बोट म्हटली तर पूर्ण दिवस लाकडी बाकावर जातो.

२१ ला पाऊस होता, म्हणून वाहतूक संग्रहालयात गेलो. तिथल्या अंगणात १८४८ ची रिगी नावाची जुनी आगबोट उभी करून ठेवली आहे. तिचा सांगाडा आणि उरीची बांधणी ताजी-ताजी डोळ्यांसमोर ठेवून ताडून पाहता आली, हा पावसाचा फायदा.

२२ ला, रविवारी, उंटरवाल्डनने आल्पनाखश्टाटला जायचे होते. वाटेत आखेरेगचा पूल इतका खाली आहे की इतर आगबोटी त्याखालून जाऊ शकत नाहीत. उंटरवाल्डनचे धुराडे मात्र दुर्बिणीसारखे आत घेता येते. तेच पाहायचे होते. सकाळी धक्क्यावर पाहतो तो मोटरबोट लागलेली. तांत्रिक कारणाने बदल, अशी पाटी होती. हे होते. बॉयलरच्या नळ्या, तापलेले बेअरिंग, मोडलेले पाते, कशानेही एखादी जुनी बोट एक दिवस उभी राहू शकते आणि तिच्या जागी मोटरबोट सोडतात. चाकाचे चिन्ह छापलेले असले तरी आदल्या रात्री पुन्हा खात्री करा, आणि आगबोटीचा दिवस प्रवासाच्या शेवटच्या दिवशी कधीही ठेवू नका. आम्ही उरी आधी केली होती म्हणून वाचलो. बाबांना मात्र ते धुराडे खाली जाताना पाहायचे होते, त्यांना वाईट वाटले.

मग बेत बदलला. मोटरबोटीने व्हित्झनाउ गाठले, काठावर बसलो आणि संध्याकाळची गालियाची परतीची फेरी धरली. बाबा सबंध वेळ कठड्याला टेकून खाली बघत होते. ल्युसर्नला बोट लागली, लोक उतरले, तरी आम्ही तिथेच उभे होतो. इंजिनवाल्याने वाफ बंद केली, नळ उघडले, दांड्यांवरचे तेल चिंधीने पुसले आणि वर पाहून बाबांकडे हात केला. झुरिकची गाडी वीस मिनिटांनी होती.